आक्का, तुझी क्लिप अजून फडफडतेय

आक्का, तू जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडलोय. रडणं माझं झालं, तासगावच्या स्मशानात सगळ्या भावकीसमोर झालं. चिडणं मात्र काही केल्या संपत नाही. तुझ्यावर चिडलोय, तुझ्या त्या अमेरिकेतल्या फोनवर चिडलोय, माझ्या लॅपटॉपवर चिडलोय. आणि सगळ्यात जास्त चिडलोय त्या व्हिडिओ दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरवर. फडफड घालवायला त्यात एक बटण दिलंय. ते दाबलं की फडफड सोडून बाकी सगळं जातं.

माणूस गेल्यावर त्याला चांगलं म्हणायची रीत आहे. ते काम तुझ्या धाकट्या दिरानं अंगावर घेतलंय. चौकात भला मोठा बोर्ड लावलाय, त्यावर तुझा फोटो आणि खाली ‘अन्नपूर्णा’ असं छापलंय. तू तो बघितला असतास तर पदर खोचून म्हणाली असतीस, “आन् मी जित्ती हुते तवा आमटीत मीठ कमी हाय म्हनून ताट सरकावत हुता, त्येचं काय?” मला तुला चांगलं म्हणायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

राख सावडून आलो त्या दिवशी दाजी मला बाजूला घेऊन गेले. तुला माहितीय, दाजी कुणाकडे काही मागत नाहीत. सुपारीसुद्धा मागून खात नाहीत. गोठ्याच्या भिंतीला टेकले आणि म्हणाले, “बाळासाब, तुज्याकडं तिचा त्यो व्हिडिओ हाय न्हवं? बेदाणा निवडत बसल्याला?”

“हाय, दाजी.”

“आपल्या पोरीनं, अश्विनीनं माज्या मोबाईलवर घालून दिला. पर बगाया घेतला की डोळ्याला लय तरास हुतोय. लाईट जाती-येती, जाती-येती. डोळं गळाय लागत्यात, मग बंद करतो. तेवढं थांबवता येतंय का बग. तिला एकदा नीट बगायची हाय. फोटोत न्हाई. हालती-बोलती.”

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, नंतरचे ते थेंब, हे सगळं तुला सांगायला नको. थेंब तूच घालत होतीस. मी म्हटलं, तेराव्याच्या आत करून आणतो, काळजी करू नका. छातीठोकपणे म्हटलं. घरातल्या सगळ्या हळदी, बारशी, बेंदराच्या बैलांच्या मिरवणुका मीच तर जोडून देतो. एका क्लिपची फडफड काढायची म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं.

आता ही एकच क्लिप का, तर त्याला कारण तूच. तुझ्या फोनमध्ये सगळं जग आहे. बेदाण्याच्या शेडातल्या बायका आहेत, गाभण म्हैस आहे, द्राक्षाच्या पहिल्या घडाला लावलेलं हळदीकुंकू आहे, अश्विनीच्या बाळाचं रांगणं आहे, ट्रॅक्टरवर झोपलेले दाजी आहेत. तू कुठं आहेस? काठावर तुझ्या अंगठ्याची सावली आणि मागून “हासा की, काय मयताला बसल्यागत बसलाय!” एवढीच तू. कुणी म्हटलं, आण इकडं, तुझा काढतो, तर म्हणायचीस, “माजं काय काडायचं? मला काय पावनं बगाय याचं हायत का?” समोर येऊन बसलीस ती आयुष्यात एकदा, आणि तीही माझ्याशी वाद घालायला.

तो वाद मी पुन्हा एकदा मांडतो, कारण तू मध्ये बोलणार नाहीस अशी ही पहिलीच वेळ आहे.

जावईबापूंनी अमेरिकेतून येताना तुला फोन आणला. फोन चांगला, कॅमेरा चांगला. पण तिकडची वीज सेकंदाला साठच्या ठेक्यात चालते, आपली पन्नासच्या. तुझा फोन साठच्या ठेक्यात चित्र घ्यायचा आणि शेडातल्या ट्यूबा पन्नासच्या ठेक्यात जळायच्या. एका उखळात दोघींनी मुसळं घालावीत आणि ठेका जमू नये, तसं होतं ते. नुसत्या डोळ्यांना ट्यूब स्थिर दिसते, फोनमध्ये बघितलं की फडफडते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन साठचं पन्नास करायचं, बास. मी लोणंदच्या कंपनीत जन्मभर मेंटेनन्स केलं, मोटारी आणि पॅनेल उघडून बसलो, विजेचं मला एवढं तरी कळतं. पण पिकतं तिथं विकत नाही. तुझं उत्तर काय होतं? “फोनला काय झालं न्हाई. तू लावल्याल्या ट्यूबाच तसल्या हायत.”

हे मला फार लागलं होतं, आक्का. त्या शेडाची वायरिंग मी केलीय. सुट्टी काढून, शिडीवर चढून, बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत असताना केलीय. तू खालून शिडी धरून उभी होतीस आणि दर पाच मिनिटांनी “पडशील रं” म्हणत होतीस. त्या ट्यूबांना तू नावं ठेवलीस, आणि कशासाठी, तर जावयाच्या फोनला नाव येऊ नये म्हणून.

कारण खरं दुखणं ते होतं. भाऊबीजेला आलो तेव्हा मी म्हटलं, आण तो फोन, मीच बदलतो. मी सेटिंग उघडलं न उघडलं तोच तू हातातून काढून घेतलास.

“ऱ्हाऊ दे. जावयानं जसं लावून दिलंय तसंच ऱ्हायाला पायजे.”

“आगं, ते तिकडचं हाय. हितं पन्नास लागतं.”

“उद्या त्येनं हातात घेतला आन् इचारलं, कुनी बदाललं, तर काय सांगू?”

“सांग मामेसासऱ्यानं बदललं.”

“मंजी आमी जावयाच्या वस्तूत खोड काडली आसं झालं. न्हाई बाबा. आन् साठ हे पन्नासापेक्षा जास्तच हाय न्हवं? जास्तीचं सोडून कमी कशाला घ्यायचं?”

यावर दाजी हसले होते आणि मी ओवाळणीचं ताट तसंच ठेवून परसात निघून गेलो होतो. तू मागून येऊन माझ्या हातात करंजी कोंबलीस आणि म्हणालीस, “खा आन् गप बस.” मी खाल्ली, पण गप बसलो नाही. त्यानंतर तू दर आठवड्याला मला क्लिपा पाठवत राहिलीस, ‘नीट करून दे’ म्हणून, आणि मी दर वेळी तेच उत्तर देत राहिलो, ‘पन्नास कर’. आपल्या दोघांचं बोलणं शेवटच्या वर्षात एवढ्यावरच आलं होतं. पण आठवड्याला बोलत होतो, हे काही कमी नव्हतं. आता फोनवर तुझं नाव येत नाही तर आठवडा कुठून सुरू होतो तेच मला कळत नाही.

मग एकदा मी तुला कळवलं की, ट्यूबखाली फोन टेकवून ठेव, हलवू नकोस, समोर काहीतरी ठेव आणि चाचणी घे. ट्यूबची चूक की फोनची, ते एकदाचं कळू दे. समोर काहीतरी ठेव म्हटलं होतं, तू स्वतःच बसलीस. बेदाण्याच्या खोक्याला फोन टेकवलास आणि पुढ्यात ट्रे घेऊन निवडायला बसलीस. ती क्लिप आली तेव्हा मी कंपनीत होतो, चार मशीन चालू होती, कानाला काही ऐकू येत नव्हतं. नुसतं चित्र बघितलं. फडफडत होतं. मी लिहिलं, ‘तसंच आहे’. तू रागावलेल्या तोंडाचं चित्र पाठवलंस. त्यानंतर काही दिवसांनी तू गेलीस.

तर अशी ती क्लिप घेऊन मी लोणंदच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसलो. आवाज पहिल्यापासून बंद ठेवला. बायकोनं विचारलं तर म्हटलं, चित्र दुरुस्त करायला आवाज लागत नाही. खरं कारण तुला सांगतो. तुझा आवाज ऐकायची माझी हिंमत नव्हती.

आधी ते बटण दाबलं. चित्राचा उजेड कमी-जास्त होतो तो समान करायचा, असं त्याचं काम. थोडं लावलं तर फडफड थोडी कमी झाली, पण मागच्या भिंतीवरून काळे पट्टे खालून वर सरकायला लागले. जास्त लावलं तर पट्टे गेले, पण तुझी साडी राखेच्या रंगाची झाली. साडी कोणती होती ते मला माहितीय, मोरपंखी, मीच दिलेली. रंग परत आणायला गेलो तर फडफड परत आली. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून परत आगीत, अशी दुपार गेली. एकदा जरा बरं जमलं असं वाटून तयार व्हिडिओ बाहेर काढायला लावला, तो पाऊण झाला आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. जन्मभर वीज सांभाळली मी, आणि ऐन वेळी तिनं असा हात दाखवला.

बायको म्हणाली, “आवं, जेवा आधी. तेच तेच काय बघत बसलाय? माणूस काय परत येणार हाय का त्यातनं?” मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी ताट झाकून निघून गेली. तू असतीस तर माझ्या पाठीत धपाटा घातला असतास.

मग मी तुझ्याच पद्धतीनं जायचं ठरवलं. मी आयटीआयला होतो तेव्हा तुझ्याकडेच राहायचो. रोज सकाळी तासगावहून सांगलीची एसटी, आणि संध्याकाळी परत आलो की जेवणाआधी तू मला शेडात बेदाणा निवडायला बसवायचीस. “काळा मनी तेवढा काडायचा, बाकीच्याला हात लावायचा न्हाई,” असं शिकवलं होतंस. व्हिडिओ म्हणजे तरी काय, एकामागं एक लावलेली चित्रंच. मी एकेक चित्र बघत गेलो आणि काळवंडलेलं दिसलं की काढून टाकलं. डोळे फुटायची वेळ आली. शेवटी उजळ तेवढी चित्रं राहिली, ती जोडून चालवली आणि कपाळावर हात मारला. तू टुणटुण उड्या मारत होतीस. हात ट्रेवर आहे म्हणेपर्यंत कपाळावर, मान डावीकडे म्हणेपर्यंत उजवीकडे. बेदाण्यातला काळा मणी काढला तर ट्रेला काही होत नाही. तुझ्यातलं काही काढलं की उरलेलं जुळत नव्हतं.

उरला एकच उपाय. पुढच्या-मागच्या चित्रांचा उजेड एकमेकांत मिसळायचा. सॉफ्टवेअरमध्ये ते अगदी तळाला होतं. ते लावलं आणि आक्का, फडफड थांबली. खरंच थांबली. भिंत स्थिर, ट्यूब स्थिर, साडी मोरपंखी. फक्त एक झालं. जे हलत नव्हतं ते स्वच्छ आलं आणि जे हलत होतं ते पुसट झालं. तुझी बोटं ट्रेवर ज्या वेगानं चालायची, त्याची नुसती पांढुरकी वाफ झाली. ओठ हलत होते ते एक अस्पष्ट रेघ झाले. मान तू कधी स्थिर ठेवायचीसच नाही, त्यामुळे चेहरा मऊ, गुळगुळीत, झोपेतल्यासारखा. मी स्वतःला म्हटलं, दाजींचे डोळे तसेही अधू आहेत, त्यांना एवढं चालेल. पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी तासगावला आलो.

आल्या आल्या आधी शेडात गेलो. तुझा फोन अश्विनीकडून मागून घेतला होता. तुझ्याच जागी बसलो, तुझ्याच ट्यूबखाली, आणि साठचं पन्नास केलं. चित्र असं शांत झालं, जसं कुणी गोंगाटाचं दार लोटून घ्यावं. परत साठ केलं, फडफड. परत पन्नास, शांत. ट्यूब चांगली होती. वायरिंग चांगली होती. मी बरोबर होतो, आक्का, पहिल्यापासून बरोबर होतो. वाद मी जिंकलो आणि शेडात एकटाच बसलो होतो, सांगू कुणाला?

तेवढ्यात जावईबापू चहा घेऊन आले. न राहवून त्यांना सगळं सांगितलं. जावयानं लावून दिलेलं सेटिंग म्हणून तू मला कसा हात लावू दिला नाहीस, ते सांगितलं. ते गोंधळले.

“मामा, मी काहीच लावून दिलं नव्हतं. खोक्यातून काढला, सिम घातलं आणि आईंना दिला. असलं काही सेटिंग असतं हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.”

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की चहा सांडला. कारखान्यातून जसा आला तसा फोन, आणि तू जावयाचा मान म्हणून तो सांभाळत बसलीस. त्या मानापायी माझ्या ट्यूबांना नावं ठेवलीस, भाऊबीजेला मला परसात बसवलंस, आणि तुझी स्वतःची एकुलती एक क्लिप नासवलीस. जावईबापूंचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, “मला एकदा विचारायचं तरी.” पण तू कसली विचारतेस! जावयाला विचारायचं म्हणजे त्याचा फोन नीट चालत नाही असं सुचवायचं. आपल्या मेढ्याच्या डोंगरातून आलेली पोरगी तू, सासरी येऊन म्हातारी झालीस, तरी पाहुण्यांना काय वाटेल ही काळजी तुझी सुटली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडला. दाजी खुर्चीत बसले, अश्विनी त्यांच्या पायाशी. तुझा दीर मागून म्हणाला, “बाळासाब, उद्या सगळ्यांपुडं लावायचा असंल तर त्येला बासरी-बिसरी काय तरी जोडा.” मी त्याच्याकडे बघितलं नाही. दुरुस्त केलेली क्लिप लावली, आवाज बंदच होता. स्वच्छ भिंत, स्वच्छ ट्यूब आणि खाली तू, शांत.

दाजींनी चष्मा पुसला आणि पुढं वाकून बघितलं. त्यांचे डोळे गळत नव्हते. मला वाटलं, जमलं. क्लिप संपली.

“दाजी, बरं दिसतंय न्हवं?”

“दिसतंय,” ते म्हणाले. “पर ही लय गप हाय, बाळासाब. हिला अशी गप पडल्याली मी एकदाच बगितली. दवाखान्यात. परत नको दावू.”

एवढे दिवस मी डोळ्यांत तेल घालून तुझी फडफड काढत बसलो होतो, आणि काढता काढता तुला पुन्हा एकदा मारून घेऊन आलो होतो.

“ती पैली लाव,” दाजी म्हणाले. “लुकलुकती ती.”

“डोळं दुखतील तुमचं.”

“दुखू देत. आन् आवाज का बंद ठिवलाय? लाव की.”

मी मूळ क्लिप लावली आणि आवाज सोडला. ट्यूब फडफडायला लागली, भिंत उजळली, विझली, उजळली. त्या उजेड-अंधारात तू फोन खोक्याला टेकवत होतीस, पार नाकाला नाक लावून. मग मागं सरलीस, बसलीस, पदर सारखा केलास आणि सुरू झालीस, “हां, झालं चालू. बाळ्या, बग आता. ट्यूबा तू लावल्याल्या, वायर तू वडल्याली, आन् फोन जावयाचा. आता ह्यात माजी काय चूक हाय ती सांग. मी नुस्ती बसलीया.” बोटं ट्रेवर सुटली होती, एकेक बोट दिसत होतं. अश्विनी हसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मीही रडलो. इतके दिवस ज्याला घाबरत होतो तो तुझा आवाज ऐकला, आणि मला वाटलं, आधीच ऐकायला हवा होता. दाजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते ऑपरेशनच्या डोळ्यांमुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही.

मग तू निवडता निवडता थांबलीस आणि दाराकडं मान वळवलीस. त्या वेळी दाजी बाहेर होते, पाण्याची मोटार चालू होती. त्या आवाजात शेडातलं काही त्यांना ऐकू आलं नव्हतं आणि मोबाईलवरही ते कधी इथवर पोचले नव्हते, हे मी नंतर विचारून घेतलं. तू आवाज चढवून हाक मारलीस, “आवं! ऐकाय येतंय का? हिकडं या की जरा. माज्यासंगं बसा. माजं एकटीचंच काय काडायचं?”

टीव्हीत तू दाराकडं बघत वाट पाहत होतीस.

“आलो, आलो,” दाजी म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात देऊन खुर्चीतून उठले. आक्का, ते उठले, आणि कुठं जायचं ते न समजून टीव्हीसमोर तसेच उभे राहिले.